वॉर्ड, इंटर्नल आणि स्वतःची तपासणी: सेकंड एमबीबीएसचा पहिला अवघड आठवडा

फर्स्ट एमबीबीएस संपलं की दिवसाची घडीच बदलते. काल-परवापर्यंत डिसेक्शन हॉल आणि लायब्ररी एवढंच जग असलेला विद्यार्थी सकाळी नऊला मेडिसिनच्या वॉर्डात उभा असतो. दुपारी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा फार्माकोलॉजीचं प्रॅक्टिकल ठरलेलं असतं. अशातच नोटीस बोर्डावर इंटर्नलचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचं वेळापत्रक लागतं आणि निम्मी बॅच पोस्टिंगला (वॉर्डातल्या नेमणुकीला) दांडी मारून रूमवर अभ्यासाला बसते.

माझं म्हणणं त्याच्या नेमकं उलट आहे. परीक्षेच्या आठवड्यात वॉर्ड सोडू नका. रोज बेडवरचा एकच पेशंट नीट भेटला, त्याचा आजार तिन्ही विषयांतून वाचला, तर तोच अभ्यास पेपरात उतरतो आणि प्रॅक्टिकलच्या टेबलावरही उपयोगी पडतो. हजेरीचं गणितही विसरून चालत नाही: थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकल आणि क्लिनिकलला ८० टक्के. वॉर्डातल्या गैरहजऱ्या वर्षअखेरीस भरून काढणं फार जड जातं.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजात नुकतंच पोस्टिंग सुरू झालेल्यांसाठी आहे. गोव्यात बांबोळीला किंवा खासगी कॉलेजात शिकत असाल तर वेळा थोड्या पुढेमागे होतील, बाकी काम तेच.

वॉर्डात पाय ठेवण्याआधी स्वतःची तपासणी

हा भाग लोक सर्रास टाळतात, म्हणून पहिला घेतला आहे. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात एक दुपार यासाठी राखून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची हेपॅटायटिस बीची लस. सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ मध्ये पोचली, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांना लहानपणी ती मिळालेली नसेल, किंवा मिळाली असली तरी कार्ड सापडणार नाही. घरी फोन करून आईला कार्ड शोधायला सांगा. लस झालेली नसेल तर तीन डोस घ्यायचे असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लशीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या ते मोजणारी तपासणी) करून घ्या. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण मिळालं. कमी आला तर पुन्हा तीन डोस आणि पुन्हा टायटर. त्यानंतरही कमीच राहिला तर सुई टोचल्यावर तुम्हाला इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन) लागेल, हे आधीपासून माहीत असलेलं बरं. टायटरचा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. रात्री दोनला कॅज्युअल्टीत कोणी विचारलं तर तो लगेच दाखवता येतो.

धनुर्वाताची टीडी लस दहा वर्षांच्या आत झालेली असावी. कांजिण्या लहानपणी झाल्या का, हेही आईलाच विचारा. झाल्या नसतील तर लशीचे दोन डोस लागतात आणि ते पीडियाट्रिक्सच्या पोस्टिंगआधी झालेले चांगले. एमएमआरचंही (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) तसंच. लस कुठे मिळते याची चौकशी पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) विभागाच्या लसीकरण ओपीडीत करा, तिथे नेमकं सांगतात.

याच फेरीत हिमोग्लोबिन आणि डोळेही तपासून घ्या. डोळ्यांचं कारण साधं आहे. पुढचं वर्षभर तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणार आहात, आणि चष्म्याचा नंबर वाढलेला असेल तर स्लाइड धूसर दिसते, दोष मात्र स्टेनिंगवर जातो. हिमोग्लोबिनचं कारण हॉस्टेलची मेस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक निघाल्या. त्या वयोगटात आपल्या वर्गातल्या मुलीही येतात. चार जिने चढून धाप लागत असेल तर त्याला परीक्षेचं टेन्शन समजून सोडून देऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कसर, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर स्वतः जाऊन थुंकीची तपासणी करून घ्या. टीबी वॉर्डात काम करणाऱ्यांना होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि वेळेत सापडला तर बरा होतो. टीबीच्या पेशंटजवळ जाताना एन९५ मास्कच हवा. साधा सर्जिकल मास्क तुमच्या तोंडातले थेंब अडवतो, हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांपासून तो तुम्हाला वाचवत नाही.

रविवारी संध्याकाळी

बॅगेत स्टेथोस्कोप, टॉर्च, मेझरिंग टेप, नी हॅमर, थोडा कापूस आणि खिशात मावणारी छोटी वही. हातात सेकंदकाटा असलेलं घड्याळ. नाडी मोजताना मोबाइल बाहेर काढला की पेशंटला वाटतं, हा मेसेज बघतोय. महागडा स्टेथोस्कोप या वर्षी लागत नाही. साधा घ्या, पण कानात नीट बसणारा घ्या, आणि इअरपीस पुढे, नाकाच्या दिशेने वळलेले राहतील असा घाला.

ॲप्रन धुतलेला, नखं कापलेली, केस बांधलेले, बूट पुढून बंद. तोच ॲप्रन घालून मेसमध्ये जेवायला जाऊ नका. वॉर्डातून निघताना तो काढून पिशवीत टाकायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

आणि सकाळचा नाश्ता. पोहे, उपमा, चहा-बिस्कीट, जे मिळेल ते, पण उपाशी जाऊ नका. ड्रेसिंग किंवा ऑपरेशन बघताना घेरी येणं नव्या विद्यार्थ्यांत नेहमीचं आहे. कानात आवाज घुमायला लागला, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की भिंतीला टेकून तिथेच खाली बसा. दाराकडे पळायला जाल तर वाटेत पडाल आणि डोकं आपटेल.

सोमवार: आधी माणसं ओळखा

पहिल्या दिवशी काही शिकायला मिळालं नाही तरी चालेल, वॉर्ड कसा चालतो ते बघा. आपलं युनिट कोणतं, युनिटचा ओपीडी कोणत्या वारी, इमर्जन्सी कोणत्या वारी. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी वॉर्ड गच्च भरलेला असतो आणि रेसिडेंट रात्रभर जागे असतात. त्या दिवशी जेआर वनला (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला) अडवून शंका विचारू नका. त्याऐवजी नव्याने भरती झालेले पेशंट बघा, कारण शिकण्यासारख्या ताज्या केस त्याच दिवशी सापडतात.

इन्चार्ज सिस्टरना जाऊन नमस्कार करा, कोणत्या बॅचचे आहात ते सांगा. केसपेपर हवा असेल तर विचारून घ्या आणि जिथून घेतला तिथेच ठेवा. मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, यांच्याशी नीट वागा. कोणता पेशंट चिडलेला आहे, कोणाच्या घरचं कोणी आलेलं नाही, कोणी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळतं.

डस्टबिनचे रंगही पहिल्याच दिवशी पाठ करा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्त लागलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, ग्लोव्ह्ज, सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल डब्यात, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. मायक्रोबायोलॉजीच्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हा प्रश्न येतोच. पण त्यापेक्षा मोठं कारण असं की चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई पिशवी उचलणाऱ्या मावशीच्या हातात घुसते.

मंगळवार आणि बुधवार: एक पेशंट, पूर्ण

आठवड्याचं खरं काम हेच. दहा बेडवर दहा मिनिटं घालवण्यापेक्षा एका बेडवर दीड तास बसा.

आधी परवानगी. "नमस्कार काकू, मी इथे डॉक्टरकी शिकतोय. तुमच्या त्रासाबद्दल थोडं विचारलं तर चालेल का?" एवढं पुरतं. काका, काकू, आजी, बाबा, ताई, दादा, वयाला शोभेल ते म्हणा, पण "ए बेड नंबर सात" असं कधीच नाही. त्या नको म्हणाल्या तर बरं म्हणा आणि पुढच्या बेडवर जा. सकाळपासून चार बॅचनी त्यांना तेच प्रश्न विचारलेले असू शकतात. जेवण आलेलं असेल तर जेवू द्या.

समजा, बेडवर चाळिशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या काकू आहेत. "काय त्रास होतोय म्हणून आलात?" एवढं विचारा आणि मग गप्प बसा. पहिली दोन मिनिटं मध्ये बोलू नका. "चालताना धाप लागतेय, अंगात त्राणच नाही, दोन महिने झाले." हीच चीफ कम्प्लेंट, आणि ती पेशंटच्याच शब्दांत, किती दिवसांपासून त्यासह लिहायची. एकापेक्षा जास्त तक्रारी असतील तर जी आधी सुरू झाली ती आधी.

आता एकेक धागा उलगडा. धाप आधी कधी लागायची, आता कधी लागते? पूर्वी विहिरीवरून दोन हंडे आणत होतात, आता किती आणता येतात? "ग्रेड" विचारून काहीच कळत नाही, हंडे विचारले की नेमकं कळतं. रात्री झोपेत दम लागून उठून बसावं लागतं का? पायावर सूज येते का? छातीत धडधडतं का?

मग कारण शोधायचं. पाळीत किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड किंवा घड्या बदलाव्या लागतात, गाठी पडतात का? मूळव्याध आहे का? शौचाला डांबरासारखं काळं होतं का? गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खाता का? हा शेवटचा प्रश्न अनेकजण विसरतात. वेदनाशामक गोळ्यांनी पोटातून हळूहळू रक्त जात राहतं आणि पेशंट ते स्वतःहून सांगत नाही, कारण त्याच्या मते ते "औषध" नसतं, ती "साधी गोळी" असते. शेतात अनवाणी जाता का? माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? जेवणाबरोबर चहा घेता का?

सवयी विचारताना शब्द जपून वापरा. "तंबाखू खाता का?" म्हटलं तर बायका बहुतेक वेळा "नाही" म्हणतात. "मिश्री लावता का?" विचारलं की "हो, दिवसातून दोनदा" असं उत्तर येतं. पुरुषांना दारूबद्दल विचारताना आवाज अगदी साधा ठेवा: "रोज की कधीमधी? नव्वद की क्वार्टर?" क्वार्टर म्हणजे १८० मिली, मग पुढचा हिशेब तुम्हाला करता येतो. पाळीबद्दल किंवा अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारताना नातेवाइकांना जरा बाजूला थांबायला सांगा. मुलगा विद्यार्थी असेल तर बॅचमधल्या मैत्रिणीला सोबत घ्या आणि पडदा ओढा.

ऐकताना भाषा नीट टिपा. कणकण आणि हुडहुडी भरून येणारा ताप एकसारखे नसतात. चक्कर म्हणजे कोणाला भोवरा फिरल्यासारखं होतं, कोणाला उभं राहिल्यावर अंधारी येते, आणि दोन्हींची कारणं वेगळी. कळलं नाही तर "म्हणजे नेमकं कसं होतं?" असं विचारा, अंदाजाने इंग्रजी लक्षण लिहून मोकळे होऊ नका.

आता तपासणी. हात लावण्याआधी हात स्वच्छ करा, नंतरही करा. हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६०. जुलाबाच्या पेशंटला हात लावल्यावर साबण-पाणीच वापरा, कारण काही जंतूंचे स्पोअर अल्कोहोलने मरत नाहीत. बेडच्या कठड्याला किंवा चादरीला हात लागला तरी हात धुवायचे असतात, हे फार थोडे पाळतात.

पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, अनियमित ठोका त्यात निसटतो. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवून श्वास मोजा. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो. फिकटपणा खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, तळहातावर आणि नखांत बघा. कावीळ खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली हलकी कावीळ निसटते. नखं चमच्यासारखी खोलगट झाली आहेत का? क्लबिंगची (बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होण्याची) शंका असेल तर दोन्ही हातांची एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून धरा. मधली चौकटीसारखी फट दिसली नाही तर क्लबिंग आहे. ही खूण लिओ शॅमरॉथ या डॉक्टरांनी १९७६ मध्ये स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर टिपून ठेवली होती.

बीपी घ्यायला घाई नको. पाच मिनिटं शांत बसू द्या, हात हृदयाच्या पातळीवर, कफ दंडाला बरोबर बसणारा. आधी नाडीवर बोट ठेवून कफ फुगवा, नाडी कुठे नाहीशी होते ते बघा, मग हवा सोडा. आता त्या आकड्याच्या ३० वर फुगवून स्टेथोस्कोपने ऐका. पहिली पायरी गाळली तर काही पेशंटमध्ये मधली शांत पट्टी (जिथे आवाज थोडा वेळ नाहीसे होतात) फसवते आणि वरचं बीपी खूप कमी लिहिलं जातं. कफची हवा सोडताना येणारे, रशियन डॉक्टर निकोलाय कोरोटकॉव्हने १९०५ मध्ये सांगितलेले आवाज ऐकू यायला सुरुवातीला वेळ लागतो. रूममेटच्या हातावर रोज सराव करा.

पोट तपासताना आधी विचारा कुठे दुखतं, ती जागा सगळ्यात शेवटी दाबा, आणि नजर हाताकडे न ठेवता पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा. हात थंड असतील तर आधी चोळून गरम करा.

झाल्यावर काकूंची चादर नीट करा, त्यांचे आभार माना. "मला काय झालंय?" असं त्यांनी विचारलं तर अंदाज सांगू नका. "मी अजून शिकतोय, डॉक्टर राउंडला आले की तुम्हाला नीट सांगतील" असं म्हणा, आणि त्यांना ते जाणून घ्यायचं आहे हे रेसिडेंटच्या कानावर घाला. पेशंटचा, त्याच्या जखमेचा किंवा केसपेपरचा फोटो काढून बॅचच्या ग्रुपवर टाकायचा नाही. मित्राला शिकवायचं असलं तरी नाही.

त्याच काकूंवर तिन्ही पेपर

आता संध्याकाळी अभ्यासाला बसा. काकूंचं हिमोग्लोबिन ६ आलं आहे, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली आहे. पॅथॉलॉजीत ॲनिमियाचं वर्गीकरण उघडा आणि हा ॲनिमिया कुठे बसतो ते बघा. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) लहान, फिकट पेशी आणि लांबट पेन्सिलसारख्या पेशी. हीच स्लाइड तुम्हाला स्पॉटला, म्हणजे बघून ओळखायच्या प्रश्नाला येते. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) कमी का होतं, थॅलेसेमियात ते का होत नाही, एवढं लिहून काढलंत की लॉन्ग क्वेश्चनचा निम्मा भाग तयार.

मायक्रोबायोलॉजीत हुकवर्म, आतड्यात रक्त पिणारा जंत. अनवाणी चालण्याचा प्रश्न सकाळी का विचारला, त्याचं उत्तर अळीच्या जीवनचक्रात आहे: मातीतली अळी तळपायाच्या त्वचेतून आत शिरते. अंडं लंबगोल, रंगहीन, पातळ कवचाचं, आत विभागलेल्या पेशी, आणि मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगणारं. फार्माकोलॉजीत फेरस सल्फेट: ड्युओडेनममध्ये शोषलं जातं, लिंबू-संत्र्याने शोषण वाढतं, चहाने घटतं, शौचाला काळं होतं हे पेशंटला आधीच सांगावं लागतं, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, साठा भरून निघण्यासाठी. सोबत जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलीग्रॅम, एकच डोस. इंजेक्शनचं लोह कधी, तेही तिथेच वाचा.

आठवड्याभराने काकू वॉर्डात असतील तर रेटिक्युलोसाइट काउंट (नव्याने तयार झालेल्या लाल पेशींची मोजणी) बघा. औषध लागू पडलं की तो सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास चढतो. वाचलेलं वाक्य रिपोर्टवर घडताना बघितलं की ते पाठ करावं लागत नाही.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली किंवा नंदुरबारकडे शिकत असाल तर ॲनिमियाबरोबर हाडं दुखण्याची तक्रार आणि डोळ्यांत पिवळसरपणा दिसला की सिकल सेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) मनात आणा. आपल्या राज्यात हा पुस्तकातला दुर्मिळ आजार नाही, त्या भागातल्या वॉर्डांत तो नेहमी भेटतो. घरात कोणाला आहे का, पूर्वी रक्त चढवलंय का, सोल्युबिलिटी टेस्ट झाली का, हे विचारा.

सुई टोचली तर

हे आठवड्यात कधीही होऊ शकतं, म्हणून वारावर टाकलेलं नाही. सगळं आधी वाचून ठेवा, कारण त्या क्षणी काही सुचत नाही.

१. काम तिथेच थांबवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात रक्त उडालं तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा.

२. लगेच रेसिडेंट किंवा सिस्टरना सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. कोणत्या पेशंटची सुई होती ते लक्षात ठेवा, म्हणजे नियमाप्रमाणे त्या पेशंटची तपासणी होईल.

३. कॅज्युअल्टी किंवा एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) जा. एचआयव्हीसाठी पीईपी (संसर्ग टाळण्यासाठी घ्यायची औषधं) गरजेचं ठरलं तर पहिला डोस दोन तासांच्या आत घेणं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि तो मध्येच सोडायचा नाही.

४. हेपॅटायटिस बीचा टायटर दाखवा. लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो २४ तासांत, आणि लशीचा पहिला डोस.

५. स्वतःचे बेसलाइन रिपोर्ट करा आणि सांगितलेल्या तारखांना पुन्हा करा.

भीती किती बाळगायची याचा अंदाज असावा म्हणून सांगते: संसर्ग असलेल्या पेशंटची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हेपॅटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. म्हणून या लेखात लस पहिली आली. हेपॅटायटिस सीला लस नाही, त्यामुळे सुईला पुन्हा टोपण न लावणं हाच उपाय. वापरलेली सुई थेट पांढऱ्या डब्यात.

गुरुवार ते शनिवार: परीक्षा

थिअरीच्या आदल्या रात्री सहा तास झोप हवी. जागरण करून दुसऱ्या दिवशी वॉर्डात सुई हातात घेणाऱ्याला ती टोचण्याची शक्यता जास्त असते, हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे. पेपरात व्याख्या, वर्गीकरण आणि आकृती आधी, मग तपशील. वर्गीकरणाचा तक्ता काढलेला असेल तर तपासणाऱ्याला पानावर नजर टाकताच उत्तर दिसतं.

प्रॅक्टिकलला मार्क जातात ते ज्ञानामुळे कमी, हातामुळे जास्त. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून ओळखण्याच्या पद्धतीत) क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, शेवटी सॅफ्रनिन, इथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मधल्या डिकलरायझेशनला, म्हणजे रंग काढून टाकण्याच्या पायरीला. ॲसिटोन असेल तर दोन-तीन सेकंद पुरतात, लगेच पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूही गुलाबी दिसतात आणि सगळं उत्तर उलटं होतं. झील-नील्सनला (टीबीचे जंतू रंगवण्याच्या पद्धतीला) स्लाइडवरचं कार्बोल फुक्सिन वाफ येईपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका आणि सुकूही देऊ नका. ऑइल इमर्शन वापरून झालं की लेन्स पुसा. पुढच्या रोल नंबरवर उपकार होतील आणि एक्झामिनर ते बघत असतात.

लघवीच्या तपासणीत बेनेडिक्टला (साखरेच्या चाचणीला) पाच मिली द्रावण आणि लघवीचे आठच थेंब. थेंब जास्त पडले तर रंग चुकीचा येतो. हीट टेस्टमध्ये गढूळपणा आला की ॲसिटिक ॲसिड टाकायला विसरू नका, फॉस्फेटचा असेल तर तो निघून जातो, प्रोटीनचा असेल तर राहतो.

व्हायव्हात येत नसेल तर "हे मला आठवत नाही, सर" असं सरळ सांगा आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघा. बनवाबनवी केली की त्याच धाग्यावरून आणखी खोल प्रश्न येतात. उत्तराला जागा मिळाली तर वॉर्डातला पेशंट सांगा: "आमच्या वॉर्डात अशा एक पेशंट होत्या, त्यांचा स्मिअर असा होता." एक्झामिनरही रोज पेशंट बघणारेच असतात, तिथून बोलणं मोकळं होतं.

परीक्षेच्या दिवसांत ताप आला तर वॉर्डात जाऊ नका. पावसाळ्यात हॉस्टेलवर डेंग्यू नेहमीचा, त्यामुळे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, आणि रक्त तपासून घ्या. मेडिकल सर्टिफिकेट त्याच दिवशी विभागात द्या, आठवड्याने नाही.

झोप लागत नाही, सारखं रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं स्वतःचं किंवा रूममेटचं झालं तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, कोणत्याही वेळी फोन करता येतो. वॉर्डात पहिला मृत्यू बघितल्यावर दोन-तीन दिवस मन जड राहणं साहजिक आहे. त्याबद्दल बॅचमध्ये, सिनिअरकडे, घरी बोला. परीक्षा आहे म्हणून ते दाबून ठेवू नका.

शनिवारी शेवटचा पेपर देऊन थेट रूमवर जाण्याआधी एक काम उरतं. आठवड्यात घेतलेल्या हिस्टऱ्या लॉगबुकमध्ये उतरवा आणि त्याच दिवशी सही घ्या. सोमवारी रेसिडेंटची ड्यूटी बदलते, तुमचं पोस्टिंग बदलतं, आणि महिन्याभराने सही मागायला गेलं की कोणालाच काही आठवत नाही. वॉर्ड एंडिंगला (पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षेला) सांगायची केस त्यातूनच निवडा, ती दहा मिनिटांत बसेल अशी बसवा आणि शेवटी दोन वाक्यांत सारांश सांगता येतो का ते रूममेटसमोर एकदा म्हणून बघा.